आपलं नाक आपल्याला दिसत नाही

निफाड तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ होते. थोरला द्राक्षबाग सांभाळायचा. धाकटा पुण्यात नोकरीला होता आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन रानावनात जायचा. थंडीशी दोघांचीही लहानपणापासून ओळख. जानेवारीत निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली घसरला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात. मग पहाटेच उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने मुळांशी सोडायचं. ही कामं दोघांनी वडिलांच्या हाताखाली केली होती. त्यामुळे ऐन हिवाळ्यात लडाखला जाऊन हिमबिबट्याचे फोटो काढायचे, असं धाकट्याने ठरवलं, तेव्हा थंडीची धास्ती त्याला वाटली नाही. आईला मात्र वाटली. "त्याला एकट्याला सोडू नकोस," असं तिने थोरल्याला बजावलं. बाग चुलत्यांच्या हवाली करून थोरला निघाला.

हिमबिबट्या बघायचा तर हिवाळ्यातच जावं लागतं. उन्हाळ्यात तो उंच कड्यांवर असतो. थंडीत भरल या डोंगरी रानमेंढ्या चरायला खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग तोही उतरतो. जानेवारी ते मार्च हा त्याच्या मीलनाचाही काळ. लेहजवळच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुंबक नावाचं छोटं गाव आहे. तिथले लोक पाहुण्यांना आपल्याच घरात ठेवून घेतात. शेळ्यामेंढ्या मारणाऱ्या या जनावरावर एकेकाळी गावं चिडून असत. आता त्याला बघायला येणाऱ्या माणसांमुळे घरात चार पैसे येतात, म्हणून तो जगावा असं गावालाही वाटतं.

लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले काही दिवस दोघे तिथेच पडून राहिले. नळ गोठलेले, बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय. मग गोठलेल्या ओढ्याच्या काठाने चालत ते रुंबकला पोचले. घरात एकच खोली उबदार, ती म्हणजे स्वयंपाकघर. मधोमध लोखंडी चूल, तिच्यात गोवऱ्या आणि काटक्या, भोवती सतरंज्या. घरच्या आईला सगळे अमा-ले म्हणत. तिने लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा पुढे केला. तिचा मोठा मुलगा गाईड होता. त्याला दोघे आचो-ले म्हणू लागले. आचो म्हणजे थोरला भाऊ, आणि नावापुढचं 'ले' आदराचं.

त्या संध्याकाळी आचो-लेंनी दोघांचे कपडे चुलीपाशी मांडायला लावले आणि एकेक तपासून बघितला.

"कपडे ऊब देत नाहीत," ते म्हणाले. "ऊब तुमच्या अंगात तयार होते. कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा ती धरून ठेवते, एवढंच. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन-चार सैल कपडे एकावर एक घातलेले बरे. आत घाम शोषून बाहेर टाकणारं लोकरीचं किंवा थर्मल, त्यावर ऊब धरणारं, सगळ्यात वर वारा अडवणारं."

धाकट्याचं सुती बनियन त्यांनी बाजूला काढलं. "हे घाम पितं आणि ओलंच राहतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. ओलं बनियन घालून डोंगरावर बसणं म्हणजे थंडीला घरात बोलावणं." मग त्यांनी त्याला बूट घालायला सांगितलं. धाकट्याने जाड मोज्यांच्या दोन जोड्या कोंबल्या होत्या. "बोटं हलतात?" हलत नव्हती. "एक जोडी काढ. जिथे रक्त खेळत नाही तिथे लोकरही काही करू शकत नाही." हातांसाठी आत पातळ हातमोजे आणि वर चारही बोटं एकत्र राहतील असे मोठे, दोरीने गळ्यात अडकवलेले. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या छातीजवळच्या खिशात, कारण गारठ्यात त्या बघता बघता मान टाकतात.

सगळं बघून झाल्यावर त्यांनी शेवटचा नियम सांगितला.

"उद्या तुमची दोघांची जोडी. थोड्या थोड्या वेळाने एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. नाक, गाल, कानाच्या पाळ्या. पांढरा डाग दिसला की लगेच सांगायचं. आणि ज्याला सांगितलं त्याने वाद घालायचा नाही."

"वाद कोण कशाला घालेल?" धाकट्याने विचारलं.

"घालतात. कारण त्याला काहीच दुखत नसतं." मग ते थोडं थांबले आणि म्हणाले, "माझ्याकडेही बघायचं बरं का."

"तुमच्याकडे? तुमचा तर जन्मच इथला."

"थंडीला ते कुठे माहीत?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना पारा उणे २० च्या आसपास होता. अमा-लेंनी जाड खंबीर रोटी, लोणी आणि जर्दाळूचा मुरांबा वाढला. धाकट्याने पोटभर खाल्लं. थोरल्याने चहाचे दोन घोट घेतले आणि "भूक नाही" म्हणून ताट सारलं. त्या दिवशी संकष्टी होती. परक्या घरी आपल्या उपवासाचं लोढणं कशाला, म्हणून तो बोलला नाही.

चढ सुरू झाला. थोड्याच वेळात आचो-ले थांबले. त्यांनी आपलं पिसांचं जॅकेट काढून पिशवीत भरलं आणि दोघांनाही तसंच करायला सांगितलं. "घाम यायच्या आधी काढायचं, गारठा वाजायच्या आधी घालायचं." थोरल्याने ऐकलं. धाकट्याला ते पटलं नाही. एवढ्या थंडीत अंगातलं जॅकेट काढायचं? तो गळ्यापर्यंत चेन ओढून तसाच चढत राहिला.

खिंडीपाशी पोचेपर्यंत त्याची पाठ घामाने भिजली होती. वर वारा होता आणि आता बसून राहायचं होतं. जोवर पाय चालत होते तोवर घाम सोसला. पाय थांबले तसा तो बर्फासारखा पाठीला चिकटला. धाकट्याचे दात वाजू लागले. आचो-लेंनी त्याला एका मोठ्या दगडाच्या आडोशाला नेलं आणि आतले कपडे बदलायला लावले. कोरडं थर्मल अंगावर चढलं तशी हुडहुडी हळूहळू उतरली. या वेळी धाकट्याने मुकाट्याने ऐकलं होतं, कारण थंडी त्याची त्याला जाणवत होती. जे जाणवतं त्याबद्दल सांगितलेलं ऐकणं सोपं असतं.

दुपारी समोरच्या कड्यावर आचो-लेंना हिमबिबट्या दिसला. दगडाच्या रंगाचा, दगडासारखाच स्थिर. दुर्बिणीतूनही नेमका सापडायला वेळ लागला. धाकट्याने कॅमेरा तिकाठीवर चढवला, तोंडावरचा मफलर खाली ओढला आणि डोळा लावला. मग त्याला जगाचं भान राहिलं नाही. बिबट्याने आळस दिला, मान फिरवली, पुन्हा बसला. धाकट्याचं नाक कॅमेऱ्याच्या गार अंगाला टेकलेलं आणि वारा समोरून येणारा.

थोरला नेमाने बघत होता. एकदा बघितलं तेव्हा नाकाचा शेंडा लाल होता. पुढच्या वेळी त्यावर मेणासारखा पांढरा ठिपका होता.

"अरे, तुझं नाक पांढरं पडलंय."

"काही नाही झालं, दादा."

"अरे, पांढरं दिसतंय. मफलर वर घे."

"मघाशी झोंबत होतं, आता तेही थांबलं. उलट बरं वाटतंय. जरा गप्प बस ना, आत्ता तो उठेल."

थोरला क्षणभर अडखळला. भावाने या क्षणाची किती वाट पाहिली होती, हे त्याला ठाऊक होतं. पण आदल्या रात्रीचं वाक्य त्याला आठवलं, की काही दुखत नसतं म्हणूनच माणूस वाद घालतो. तो उठला, मोठा हातमोजा काढला आणि त्याने आपला उघडा तळवा भावाच्या नाकावर सरळ झाकण घातल्यासारखा धरला. चोळला नाही. धाकटा चिडला, हात झटकायला गेला. थोरल्याने हात हलवला नाही. बराच वेळ गेला आणि मग धाकट्याच्या तोंडून "आई गं" निघालं. नाकात सुया टोचल्यासारखी आग होत होती.

"मघाशी दुखत नव्हतं, आता का दुखतंय?"

"आता त्यात रक्त परत आलं म्हणून," आचो-ले म्हणाले. थंडी वाढली की शरीर आधी काळीज आणि आतले बाकीचे महत्त्वाचे अवयव वाचवतं. त्यासाठी नाक, कान, बोटं यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. गारठलेल्या कातडीची जाणीवही बधिर होते. मग वेदना थांबते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. खरं संकट तिथून पुढे सुरू होतं. कातडी वरवर पांढरी पडलेली असेल तर तळव्याच्या उबेने सुधारते. आतवर गोठली, तर बोटं कापावी लागलेली माणसंही असतात. अशा जागी चोळायचं नाही आणि बर्फ तर मुळीच लावायचा नाही, कारण गारठलेली कातडी चोळल्याने आणखी फाटते.

मग त्यांनी दुर्बिणीकडे बोट दाखवलं. "आता बघ त्याच्याकडे."

धाकट्याने बघितलं. बिबट्या अंगाचं वेटोळं करून निजला होता आणि आपली लांब, जाड, केसाळ शेपटी त्याने तोंडाभोवती लपेटून घेतली होती.

"त्याला देवाने नाक झाकायला शेपटी दिली आहे," आचो-ले म्हणाले. "माणसाला सोबती दिला आहे."

ऊन कड्यामागे गेलं तसे ते उतरायला लागले. आचो-ले दुर्बीण आणि तिकाठी घेऊन पुढे, मागे दोघे भाऊ. धाकटा आनंदात होता. काय काय टिपलं ते दादाला सांगत होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की दादा उत्तरच देत नाही. त्याने वळून पाहिलं. थोरल्याच्या जॅकेटची चेन अर्धवट उघडी होती आणि तो ती लावायचा प्रयत्न करत होता, पण बोटांना टोक सापडत नव्हतं. सपाट वाटेवरही त्याचा पाय दोनदा अडखळला.

"दादा, काय होतंय?"

"काही नाही. जरा बसतो. तुम्ही व्हा पुढे." शब्द जड येत होते, पिऊन बोलावेत तसे. आणि सकाळपासून अधूनमधून कुडकुडणारा थोरला आता कुडकुडत नव्हता.

धाकट्याने विचारलं, "दादा, विहिरीजवळच्या बागेत ओळी किती?" ज्या बागेतली वेल न् वेल थोरल्याच्या हाताखालून गेली होती, तिच्याबद्दल तो विचारात पडला, आणि त्याने सांगितलेला आकडा चुकीचा होता.

"दादा, तुला थंडी बाधली आहे. आचो-लेंना हाक मारतो."

"मला शिकवू नकोस," थोरला खेकसला. "मी ठीक आहे."

वडील गेल्यापासून घरात दादाचा शब्द शेवटचा होता. त्याला कुणी उलट बोललेलं धाकट्याने ऐकलं नव्हतं आणि स्वतः तर तो कधीच बोलला नव्हता. जीभ रेटेना. पण समोरचा माणूस नेहमीचा दादा नव्हता, हेही त्याला दिसत होतं. निर्णय घेणारं डोकंच गारठलं असेल, तर त्याचा निर्णय कसा मानायचा? त्याने थोरल्याचा दंड धरला. "दुपारी मी तुझ्यावर चिडलो, तरी तू हात काढला नाहीस. आता तू चिडलास तरी मी काढणार नाही." आणि त्याने पुढे हाक दिली.

आचो-ले धावत मागे आले. दोघांनी मिळून थोरल्याला दगडाच्या आडोशाला बसवलं, पण जमिनीवर नाही. खाली पिशव्या आणि चटई घातली, कारण गोठलेली जमीनही ऊब ओढून घेते. चेन लावली. श्वासाच्या वाफेने आणि घामाने ओली झालेली त्याची टोपी काढून आचो-लेंनी आपली कोरडी लोकरी कानटोपी त्याला घातली. स्वतः जॅकेटचं टोपडं ओढून घेतलं. त्याला नीट गिळता येतंय याची खात्री केली आणि थर्मासमधला भरपूर साखरेचा चहा घोट घोट पाजला.

"सकाळपासून काय खाल्लं?"

थोरला गप्प. मग हळूच म्हणाला, "संकष्टी आहे आज."

आचो-ले हसले नाहीत की रागावले नाहीत. "जर्दाळू चालतात उपवासाला? अक्रोड?"

"चालतात."

"दिवसभर माझ्या खिशात तेच होतं, दादा. चुलीत लाकूड नसेल तर घोंगडं पांघरून काय उपयोग? तुम्ही नुसतं सांगायचं होतं."

थोरल्याने मूठभर जर्दाळू आणि अक्रोड खाल्ले. काही वेळाने त्याचं अंग पुन्हा थडथडू लागलं. धाकटा घाबरला, पण आचो-लेंचा चेहरा सैल झाला. कुडकुडणारं शरीर अजून झगडत असतं. अंग न तापताच कुडकुडणं थांबतं, तेव्हा घाबरायचं. पाय विरळ हवेमुळेही असेच अडखळतात, हेही त्यांनी सांगितलं. पण कारण कुठलंही असो, लवकर खाली उतरणं दोन्हींत गरजेचं. थोरल्याला नीट उभं राहता येऊ लागल्यावर दोघांनी दोन बाजूंनी आधार देत त्याला अंधार पडायच्या आत घरी आणलं.

दार उघडलं. अमा-लेंनी पाहुण्यांना आत घेतलं आणि दुसऱ्याच क्षणी त्या मुलाकडे वळल्या. त्याचं टोपडं मागे सारून त्या काहीतरी तुटक स्वरात बोलल्या. आचो-लेंच्या उजव्या कानाची पाळी पांढरीफटक पडली होती. वाऱ्याने टोपडं पुन्हा पुन्हा मागे उडत होतं आणि दोन्ही हातांनी थोरल्याला धरलेलं, म्हणून ते नीट करायला हात मोकळा नव्हता. अमा-लेंनी दोन्ही तळव्यांत त्याचा कान धरला. पुढे त्या पाळीवर फोड आला.

दोघे भाऊ खाली मान घालून उभे राहिले. ज्या माणसाने "माझ्याकडेही बघायचं" असं मुद्दाम सांगितलं होतं, त्याच्याकडे दिवसभर दोघांपैकी कुणीही बघितलं नव्हतं. त्याला सगळं येतं, मग त्याला काय होणार, असं दोघांनी मनातल्या मनात धरून टाकलं होतं.

रात्री घरातल्या आजोबांनी थोरल्यासाठी छांगचा पेला पुढे केला, तेव्हा आचो-लेंनीच तो नम्रपणे परत केला. दारूने अंग तापल्यासारखं वाटतं, पण ती कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल करते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. चंद्रोदयानंतर थोरल्याने अमा-लेंच्या हातचं स्क्यू नावाचं कणकेचं गरमागरम कालवण खाऊन उपवास सोडला.

निफाडला परतल्यावर काही दिवसांनी धाकटा बागेत उभा होता. थोरला ट्रॅक्टरवरून औषध फवारत होता, तोंडाला काहीही न बांधता.

"दादा, मास्क लाव. कडेला उभं राहून माझं डोकं दुखायला लागलंय एवढा उग्र वास आहे."

"वास? मला तर काही येत नाही," थोरला सवयीने म्हणाला. आणि मग त्याचा त्यानेच ट्रॅक्टर बंद केला. वर्षानुवर्षं फवारून त्याचं नाक त्या वासाला सरावलं होतं. वास येत नाही म्हणजे विष नाही, असं थोडंच होतं? तो खाली उतरला, घरी गेला आणि मास्क लावूनच परत आला.

तात्पर्य असं, की दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे खरं नव्हे. राग, व्यसन, अहंकार, अतिश्रम यांनी माणूस जसजसा बधिर होतो, तसतशी त्याची तक्रार कमी होत जाते आणि "मला काही झालं नाही" हे वाक्य अधिक ठाम होत जातं. म्हणून आपलं माणूस आपल्याला काही सांगत असेल, तर वाद घालण्याआधी ऐकावं. दुसऱ्याचं बिघडलेलं आपल्याला दिसलं, तर तो थोरला असो की धाकटा, त्याचा राग पत्करून सांगावं आणि हात सोडू नये. आणि जो सगळ्यांची काळजी वाहतो, त्याच्याकडे तर रोज आवर्जून बघावं, कारण आपली टोपी दुसऱ्याला देणाऱ्याचेच कान सगळ्यात आधी उघडे पडतात.